'इडियट' कुठून आला? युरोपभर पसरलेल्या एका शिवीचं मूळ शोधण्याची रीत

निवडणुका जवळ आल्या की मोबाइलवर एक संदेश फिरायला लागतो: प्राचीन अथेन्समध्ये जो नागरिक सार्वजनिक कामात भाग घेत नसे, त्याला 'इडियट' म्हणत. खाली बहुतेक वेळा अथेन्सचा नेता पेरिक्लीस याचं नाव असतं. यातला शब्दाच्या कुळाचा भाग खरा आहे, पेरिक्लीसचा भाग खोटा आहे, आणि दोन्ही गोष्टी घरी बसून फुकटच्या साधनांनी एका दुपारी तपासता येतात. 'इडियट' हे उदाहरण घेऊन ती रीत इथे दिली आहे. दुसऱ्या कुठल्याही युरोपीय शिवीला ती तशीच लागू पडते.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्यायला हवी. शिवीचा शोध म्हणजे फक्त धातू शोधणं नव्हे. 'इडियट'चा धातू तर पाच मिनिटांत सापडतो, पण त्यावरून हा शब्द अपमानाचा का झाला ते कळत नाही. ते कळतं 'कोणी, कोणाला, कुठल्या कागदावर म्हटलं' या प्रश्नातून. म्हणून वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये सहा रकाने आखा: साल, गाव किंवा देश, म्हणणारा, ज्याला म्हटलं तो, त्या जागी शब्दाचा अर्थ, आणि पुरावा प्रत्यक्ष पाहिला की कुणाच्या सांगण्यावरून घेतला. शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातात.

कोशांची निवड

एकाच इंग्रजी कोशावर थांबू नका. शब्द ज्या ज्या भाषेतून गेला, त्या त्या भाषेचा ऐतिहासिक कोश उघडा. फ्रेंचसाठी 'त्रेझोर द ला लांग फ्रांसेझ' सीएनआरटीएल या फ्रेंच भाषासंस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहे. नोंदीच्या तळाशी व्युत्पत्तीचा परिच्छेद असतो, आधी तोच वाचा. फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या १६९४पासूनच्या सगळ्या आवृत्त्याही एकाच संकेतस्थळावर आहेत. एकच शब्द आवृत्तीगणिक उघडत गेलं की अर्थ सरकताना दिसतो. जर्मनसाठी 'डीडब्ल्यूडीएस' घ्या, कारण त्यात फायफरचा व्युत्पत्तिकोश जोडलेला आहे. डचसाठी 'एटिमोलॉजीबँक', इटालियनसाठी 'त्रेक्कानी', स्पॅनिशसाठी रॉयल अकादमीचा कोश. इंग्रजीसाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश सर्वांत भरवशाचा, पण तो पैसे भरून मिळतो. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं सदस्यत्व असेल तर तिथून उघडतो का, ते विचारा. नसेल तर 'एटिमऑनलाइन' सुरुवातीला पुरतो, मात्र तिथली तारीख वहीत 'सांगण्यावरून' म्हणूनच लिहा.

ग्रीक आणि लॅटिनसाठी शिकागो विद्यापीठाचं 'लोगेइऑन' आणि टफ्ट्स विद्यापीठाचं 'पर्सियस'. पर्सियसवर मूळ ग्रीक मजकूर आणि इंग्रजी भाषांतर शेजारी शेजारी उघडतं. ग्रीक कीबोर्ड नसेल तर रोमन अक्षरांत लिहूनही शब्द शोधता येतो.

आजची रूपं ओळीने मांडा

फ्रेंच 'इदियो', इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि पोलिश 'इदिओता', जर्मन 'इडिओट', डच 'इडिओट', रशियन 'इदिओत', हंगेरियन 'इदिओता', फिनिश 'इडिऑटी'. हंगेरियन आणि फिनिश तर इंडो-युरोपीय कुळातल्याच नाहीत, तरी रूप जवळजवळ तेच. यावरून एक निष्कर्ष लगेच काढता येतो. शब्द प्रत्येक भाषेत आजीकडून नातीकडे आला असता, तर प्रत्येक ठिकाणी ध्वनी वेगळे झिजले असते. इथे झीज नाही, म्हणजे हा पुस्तकांतून, शिकलेल्या लोकांच्या हातून पसरलेला शब्द आहे. लोकांच्या तोंडी तो नंतर गेला.

व्याकरणही पाहा. स्पॅनिश आणि इटालियनमध्ये पुरुषालाही 'इदिओता'च म्हणतात, 'इदिओतो' नाही. कारण ग्रीकमधले 'तेस'ने संपणारे पुल्लिंगी शब्द लॅटिनमध्ये 'ता'ने संपतात. 'पोएता' म्हणजे कवी, हाही तसाच. शब्द ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणि तिथून पुढे गेल्याची खूण आजच्या शिवीच्या शेवटच्या अक्षरात टिकली आहे.

ग्रीक: दावा मूळ ओळीपर्यंत न्या

'इदिओस' म्हणजे स्वतःचा, खाजगी. त्यावरून 'इदिओतेस'. लोगेइऑनवर लिडेल-स्कॉटच्या कोशातली नोंद उघडली की अर्थ जोड्यांनी दिलेले दिसतात: राज्य विरुद्ध खाजगी व्यक्ती, अधिकारी विरुद्ध साधा नागरिक, सेनापती विरुद्ध साधा शिपाई, तज्ज्ञ विरुद्ध त्या विद्येत नसलेला माणूस. या जोड्या वहीत उतरवून घ्या. कारण हा शब्द एकटा फिरत नाही, त्याच्यासमोर नेहमी कुणीतरी उभा असतो.

आता तो पेरिक्लीस. त्याचं प्रसिद्ध भाषण थ्युसिडिडीसच्या इतिहासात दुसऱ्या ग्रंथात आहे. पर्सियसवर २.४० उघडा. सार्वजनिक कामात भाग न घेणाऱ्याला आम्ही शांतताप्रिय समजत नाही, निरुपयोगी समजतो, असं तिथे आहे. ग्रीक शब्द पाहिले तर शांतताप्रियसाठी 'आप्राग्मोन' आणि निरुपयोगीसाठी 'आख्रेइओस'. त्या वाक्यात 'इदिओतेस' नाहीच. आता त्याच ग्रंथात आठ प्रकरणं पुढे, २.४८ला या. अथेन्समधल्या साथीबद्दल लिहिताना थ्युसिडिडीस म्हणतो, ती कशी उद्भवली याबद्दल वैद्य असो की 'इदिओतेस', ज्याला जे वाटतं ते त्याने सांगावं. इथे शब्द आहे, आणि अपमान अजिबात नाही. वैद्य नसलेला कुणीही, एवढाच अर्थ.

या दोन ओळी शेजारी ठेवल्या की संदेशाचा निकाल लागतो. अथेन्सच्या लोकशाहीत सार्वजनिक कामापासून दूर राहणाऱ्यांबद्दल नाराजी होती, हे खरं. ती नाराजी 'इडियट' या शिवीत भरलेली होती, हे खोटं. उलट टोकही टाळा: ग्रीकमध्ये हा शब्द कायम सोवळा होता असंही नाही. 'त्या विद्येत नसलेला' पासून 'अडाणी, अकुशल' इथपर्यंतची घसरण ग्रीक लेखनातच सुरू झालेली होती, आणि कोशात ती वेगळ्या पोटकलमात दिलेली आहे.

इथे एक सापळा आहे. आजच्या ग्रीसमध्ये 'इदिओतिस' म्हणजे खाजगी व्यक्ती, आणि खाजगी शाळेच्या पाटीवरही याच कुळातलं विशेषण असतं. मूर्ख म्हणायचं तर ग्रीक माणूस 'इलिथिओस' किंवा 'व्लाकास' म्हणतो. ज्या भाषेतून शब्द निघाला, तिथे तो शिवी झालाच नाही. म्हणून अपमानाचा उगम ग्रीसमध्ये शोधत बसू नका, तो पश्चिमेकडे घडला.

चर्च: शिकलेले आणि न शिकलेले

पुढचा टप्पा सगळ्यांत सोपा आहे, कारण बायबल ओळीनिशी तुलना करायला मिळतं. 'प्रेषितांची कृत्ये' ४:१३ घ्या. पेत्र आणि योहान यांच्याबद्दल मूळ ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत: 'आग्राम्मातोइ', म्हणजे निरक्षर, आणि 'इदिओताइ'. लॅटिन बायबलमध्ये पहिल्याचं भाषांतर झालं, दुसरा जसाच्या तसा राहिला. मग करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं १४:१६ पाहा. चौदाव्या शतकातल्या वायक्लिफच्या इंग्रजी बायबलमध्ये त्या जागी 'इडियट' आहे, आणि १६११च्या किंग जेम्स आवृत्तीत 'न शिकलेला' अशा अर्थाचा साधा इंग्रजी शब्द. मधल्या सव्वादोन शतकांत इंग्रजीत काहीतरी बदललं होतं, हे एवढ्या तुलनेवरून दिसतं. मराठी बायबलमधल्या याच ओळी सोबत ठेवल्या तर मूळ अर्थ हाताशी राहतो.

मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'इदिओता' म्हणजे लॅटिन न येणारा. अपमान होताच, पण उलटवता येण्याजोगा होता. असिसीचा फ्रान्सिस आपल्या मृत्युपत्रात लिहितो की आम्ही 'इदिओता' होतो आणि सगळ्यांच्या आज्ञेत होतो. हे तो कमीपणाने नव्हे, व्रत म्हणून सांगतो. १४५०मध्ये कूसाच्या निकोलसने लिहिलेल्या संवादांत तर 'इदिओता' हाच मुख्य पात्र आहे: लाकडी चमचे कोरणारा एक कारागीर, जो विद्वानांना ज्ञान कुठे असतं ते समजावतो. वहीत हे दोन्ही दाखले आवर्जून घ्या. फक्त वाईट अर्थाचे दाखले गोळा केले तर शब्दाचा प्रवास सरळ उतरंडीसारखा दिसतो, आणि तो तसा नव्हता.

न्यायालय: इथे शब्द कडक झाला

माझ्या मते शिवी घडण्यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा इंग्लंडच्या न्यायालयांत आहे, आणि लोकप्रिय लेखांत तोच गाळला जातो. मध्ययुगीन इंग्रजी कायद्यात जन्मापासून बुद्धी नसलेला आणि नंतर वेड लागलेला असे दोन वर्ग होते. पहिल्याच्या जमिनी राजा ताब्यात घेई, त्याच्या पोटापाण्याची सोय करी आणि वरचं उत्पन्न स्वतःकडे ठेवी. दुसऱ्याचं उत्पन्न मात्र त्याच्यासाठी राखून ठेवावं लागे. म्हणजे एखाद्याला 'इडियट' ठरवण्यात रोख पैसा होता. त्यासाठी चौकशीचं अधिकृत फर्मान निघे आणि ज्युरीसमोर तपासणी होई.

फिट्झहर्बर्टच्या १५३४च्या कायदेग्रंथात कसोटी दिली आहे: ज्याला वीस पेन्स मोजता येत नाहीत, आईबाप कोण ते सांगता येत नाही, आपलं वय सांगता येत नाही, तो 'इडियट'. शिकवल्यावर वाचता येत असेल तर तो 'इडियट' नव्हे. 'न शिकलेला' हा अर्थ इथे संपला आणि 'शिकू न शकणारा' हा सुरू झाला. वहीतल्या 'म्हणणारा' या रकान्यात आता तत्त्वज्ञ किंवा पाद्री नाही, राजाचा अधिकारी आहे.

कायद्याचे कागद शोधताना स्पेलिंगमुळे बराच माल हातून निसटतो. 'आय' ऐवजी 'वाय'ने सुरू होणारी, मध्ये 'वाय' किंवा 'ई' असलेली रूपं स्वतंत्रपणे शोधा. इंग्रजीत 'अॅन इडियट'मधला 'न' पुढच्या शब्दाला चिकटून 'निडियट' असंही रूप झालं होतं, तेही टाका. आयरिश आणि स्कॉटिश लेखनातलं 'ईजिट' हे त्याच शब्दाचं उच्चारी रूप आहे, वेगळी शिवी नव्हे.

दवाखाना आणि शाळा

एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांनी तोच कायद्यातला शब्द वर्गीकरणासाठी उचलला. इंग्लंडमध्ये १८८६चा 'इडियट्स अॅक्ट' आला. १९१३च्या कायद्यात चार पायऱ्या केल्या गेल्या आणि तळाला 'इडियट': रोजच्या शारीरिक धोक्यांपासून स्वतःला वाचवू न शकणारा. फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांची बुद्धिमापन चाचणी १९०५ची. अमेरिकेत गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाने ती उचलली, आणि तिच्यातल्या 'मानसिक वया'वरून पायऱ्या पडल्या: दोन वर्षांपर्यंत 'इडियट', तीन ते सात 'इम्बेसाइल', आठ ते बारा 'मोरॉन'. यातला 'मोरॉन' गोडार्डने १९१०मध्ये ग्रीक 'मोरोस', म्हणजे मूर्ख, यावरून मुद्दाम बनवला. हा नवा शब्दही लवकरच शिवी झाला. पुढे आलेला 'मतिमंद' अर्थाचा इंग्रजी शब्दही त्याच वाटेने गेला, आणि अमेरिकेने २०१०मध्ये कायदा करून संघीय कायद्यांतून तो काढला.

हे लिहिताना काळजी घ्या. ज्यांच्यावर ही लेबलं चिकटवली, ती खरी माणसं होती, आणि त्यातल्या अनेकांना आयुष्यभर संस्थांत कोंडलं गेलं. जुना शब्द उद्धृत करायचा तर तो अवतरणात ठेवा आणि आपल्या वाक्यात 'बौद्धिक अपंगत्व असलेली व्यक्ती' असं म्हणा.

आपल्याकडे हा शब्द फक्त कॉन्व्हेंटच्या वर्गातून किंवा सिनेमातून आला असं वाटत असेल, तर भारतीय कायदे उघडा. १९१२च्या 'इंडियन लुनसी अॅक्ट'मध्ये 'लुनॅटिक'ची व्याख्या 'इडियट' या शब्दाने सुरू होते. १९२८च्या हिंदू वारसाविषयक कायद्याने बहुतेक अपंगत्वांमुळे वारसा नाकारण्याची रूढी मोडली, पण जन्मापासून 'लुनॅटिक किंवा इडियट' असलेल्याला तो दिलासा दिला नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या अटींमध्ये दोघांपैकी कुणीही 'इडियट किंवा लुनॅटिक' नसावं असं कलम ५मध्ये होतं, ते १९७६मध्ये बदललं. सरकारच्या 'इंडिया कोड' संकेतस्थळावर कायदा उघडलात तर सुधारित मजकूर दिसतो. बदल कधी झाला ते तळटिपांत असतं, म्हणून तळटिपा सोडू नका.

कुठे घसरायला होतं

गुगल बुक्सवरची साल. नियतकालिकांच्या बाबतीत अनेकदा पहिल्या अंकाचं साल सगळ्या अंकांना लावलेलं असतं. मुखपृष्ठाचं चित्र उघडून साल स्वतः वाचल्याशिवाय 'सर्वांत जुना दाखला' म्हणू नका.

अठराव्या शतकापर्यंतच्या छपाईत शब्दाच्या मधला 'एस' लांब असे आणि संगणकाला तो 'एफ' वाटतो. 'इडियट'मध्ये 'एस' नाही म्हणून तो वाचतो, पण 'बास्टर्ड' शोधताना 'बाफ्टर्ड'ही शोधावा लागतो.

गुगल बुक्समध्ये एखादा शब्द कुठल्या साली किती वापरला ते दाखवणारा 'एनग्रॅम'चा आलेख वर गेला म्हणजे शिवी वाढली, असं नाही. तो शब्द मोजतो, अर्थ नाही. एकटा शब्द टाकण्याऐवजी जोड्या टाका: 'यू इडियट', 'इडियट्स अँड लुनॅटिक्स', 'बॉर्न अॅन इडियट'. पहिली तोंडावरची शिवी दाखवते, बाकीच्या दोन कायद्याची आणि दवाखान्याची भाषा.

आद्याक्षरांच्या गोष्टी सरळ बाजूला ठेवा. इंग्रजीतली प्रसिद्ध चार अक्षरी शिवी 'राजाच्या परवानगीने संभोग' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून बनली, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. आद्याक्षरं जोडून शब्द बनवण्याची सवय मुख्यतः विसाव्या शतकातली आहे, आणि त्याआधी शेकडो वर्षं वापरात असलेल्या शिवीचं मूळ तिथे असू शकत नाही.

आणि सारखे दिसणारे नातेवाईक. 'श्वाइत्सरिशेस इडिओटिकॉन' हे नाव पाहून दचकू नका. तो स्विस-जर्मन बोलींचा थोर कोश आहे, १८८१पासून प्रसिद्ध होत आलेला. इथे 'इदिओस'चा 'आपला, स्थानिक' हा अर्थ चालू आहे. स्पॅनिश 'इदिओमा', म्हणजे भाषा, हीही त्याच घरातली. जर्मन 'फाखइडिओट' मात्र खरी शिवी आहे: आपल्या विषयापलीकडे काही न कळणारा तज्ज्ञ. अथेन्समध्ये ज्या तज्ज्ञाच्या उलट बाजूच्या माणसाला हा शब्द वापरत, त्या तज्ज्ञालाच तो अखेर चिकटला.

हीच रीत आणखी दोन शब्दांवर

'क्रेटिन' घ्या: फ्रेंच 'क्रेतँ', इटालियन 'क्रेतीनो', जर्मन 'क्रेटिन', पोलिश 'क्रेतिन'. पुन्हा झीज नाही, म्हणजे पुस्तकी प्रवास. दिदरो आणि दालाँबेर यांच्या विश्वकोशाच्या चौथ्या खंडात, १७५४मध्ये, दालाँबेरची नोंद आहे: स्वित्झर्लंडमधल्या वाले प्रांतात, विशेषतः सियोँ गावात, गलगंड असलेली, मुकी-बहिरी माणसं. तिथल्या बोलीतला हा शब्द 'ख्रिस्तियानुस'वरून आला, म्हणजे ख्रिस्ती माणूस. तो दयेने म्हटलेला होता, 'हाही माणूसच आहे' या अर्थाने, असं सहसा सांगतात. 'क्रेता', म्हणजे खडू, यावरून फिकट चेहऱ्याचा, अशी दुसरी व्युत्पत्तीही भेटेल. तिची ध्वनीवर परीक्षा घ्या. लॅटिन 'क्रेता'चं फ्रेंचमध्ये 'क्रे' झालं, शेवटचा 'ता' गळाला. 'क्रेस्तिन'मधला 'स' गळून 'क्रेतँ' होणं मात्र फ्रेंचच्या नेहमीच्या नियमात बसतं. आजाराचं कारण मातीतल्या आणि पाण्यातल्या आयोडीनची कमतरता. स्वित्झर्लंडने १९२२पासून आयोडीनयुक्त मीठ आणलं, आणि पुढच्या पिढ्यांत तो आजार मावळला. शिवी उरली.

'बूग्र' आणि इंग्रजी 'बगर' यांची गोष्ट अधिक कडू आहे. मूळ लॅटिन 'बुल्गारुस', म्हणजे बल्गेरियन. दहाव्या शतकात बल्गेरियात बोगोमिल हा चर्चने पाखंडी ठरवलेला ख्रिस्ती पंथ निघाला. पश्चिमेतल्या काथार पाखंड्यांशी त्याचं नातं मानलं गेलं, म्हणून फ्रान्समध्ये पाखंडी म्हणजे 'बूग्र'. तेराव्या शतकात पाखंड्यांना शोधून जाळणाऱ्या एका डॉमिनिकन न्यायाधीशाचंच नाव 'रोबेर ल बूग्र' पडलं, कारण तो आधी त्यांच्यात राहिलेला होता. शांपान्यमधल्या माँ-एमे इथे १२३९मध्ये त्याने मोठं दहन घडवलं. पाखंड्यांवर पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांचा आरोप ही ठरलेली बदनामी होती, आणि शब्दाचा अर्थ धर्मावरून तिकडे सरकला. इंग्लंडमध्ये १५३३च्या कायद्यात तो मृत्युदंडाच्या गुन्ह्याचं नाव बनला. फ्रेंचमध्ये मात्र आज 'बाँ बूग्र' म्हणजे भला माणूस. वहीत या शब्दाला निदान पाच ओळी लागतील, आणि 'म्हणणारा' या रकान्यात बल्गेरियन माणूस कुठेच येणार नाही.